आधी बीळ बुजवावं

आमचं जुनं घर माळवदाचं. दगड-मातीच्या जाड भिंती, खाली शेणानं सारवलेली भुई. अशा घरात माणसं कमी आणि बाकीचे जीव जास्त असायचे. माळवदाच्या फटीत चिमण्या, लाकडाला वाळवी, डाळीत टोके, भिंतीच्या सांध्यात विंचू आणि कणगीखाली उंदीर.

आईचा एक नेम होता. घट बसायच्या आधी घर सारवायला काढलं की पहिल्यांदा बिळं. हातात दिवा घेऊन सगळ्या भिंती कडेकडेनं बघायची. वर्षभर साठवलेल्या फुटक्या बांगड्यांच्या काचा चिखलात कालवून बिळात ठासायची आणि वरून दगडाचं चिपाड मारायची. उंदीर माती उकरतो, पण काचेला तोंड लावत नाही. ज्वारीला कडक ऊन दाखवायची. दाणा दाताखाली कट्ट वाजला की मग कणगीत, आणि थराथरात लिंबाचा वाळलेला पाला. तुरीच्या डाळीला एरंडेलाचा हात. पोती भुईवर नाहीत, फळ्यांवर, तीही भिंतीपासून हातभर लांब. सरपण आणि गोवऱ्यांचा ढीग घराला चिकटून कधी रचू द्यायची नाही.

हीच आई सकाळी मुंग्यांच्या वारुळाशी पिठाची चिमूट टाकायची. मी लहानपणी विचारलं, "घरात आल्या की झाडून टाकतीस, आन् भाईर खायला घालतीस. आसं का?"

ती म्हणाली, "आत आपलं, भाईर त्येंचं. आत आल्यावर भांडान व्हतं. म्हणून येऊच द्यायचं न्हाई."

1988 चा पाऊस चांगला झाला. त्याच साली दसऱ्याआधी आई गेली. सुतकात घर सारवायचं राहिलं, बिळंही राहिली. पुढच्या शिमग्यापर्यंत ज्वारी घरात आली आणि महिनाभरात उंदरांनी निम्म्या पोत्यांना भोकं पाडली. रात्री डोळ्याला डोळा लागेना. बिळं बुजवायला फार तर एक दिवस गेला असता. पण मी तेव्हा सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा. हे बायकांचं काम, असंही मनात असणार. तालुक्याला गेलो आणि झिंक फॉस्फाईडची पुडी घेऊन आलो.

हे औषध कसं घालतात ते सांगतो. काळी भुकटी असते, लसणासारखा वास येतो. उंदीर मोठा संशयी. म्हणून पहिले दोन दिवस पिठाची साधी भजी ठेवायची. त्याचा विश्वास बसू द्यायचा. तिसऱ्या दिवशी त्याच जागी, तसल्याच भज्यात औषध. पोटात गेलं की त्याचा विषारी वायू होतो. त्यावर उतारा नाही. मी आणखी शहाणपणा केला, वास सुटावा म्हणून पिठात सुकट घातली.

तो वास उंदरांच्या आधी शेजारच्या आक्काच्या मांजरीला लागला. दोन रात्री ती साधी भजी खाऊन गेली असणार. चौथ्या दिवशी पहाटे ती आमच्या गोठ्यामागं पडलेली दिसली. कोणी उठायच्या आत मी तिला उकिरड्यापलीकडं पुरली.

दुपारी आक्का दारात. "आमची मांजर दिसली का रं कुठं? पिल्लं वरडाय लागल्यात."

मी म्हणालो, "न्हाई बा."

त्या पावसाळ्यात, पंचमी होऊन दोन दिवस झाले होते, आमच्याच भिंतीच्या बिळातून मण्यार निघाली. साप स्वतः बीळ खोदत नाही. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते खोटं नाही. आम्ही सगळे भुईवर झोपायचो. मण्यार रात्रीची फिरते आणि तिचा दंश झोपेत कळतही नाही. आम्ही तिला काठीनं मारली. दोन दिवसांपूर्वी नागाची पूजा केलेले हेच हात.

आता मी काही साधू नाही. शेतात औषध मारतो. अळीची दया केली तर पोरांच्या तोंडात काय घालू? मण्यारीबद्दलही मला फार वाईट वाटत नाही. त्या रात्री दुसरा इलाज नव्हता. पण इलाज नव्हता असं म्हणताना माणसानं एक गोष्ट तपासावी. इलाज नव्हता, की आपण तो वेळेवर केला नव्हता? दसऱ्याला एक दिवस घातला असता तर पुडी आणावी लागली नसती, मांजर गेली नसती, काठीही उचलावी लागली नसती. माझ्या एका दिवसाच्या आळसाची किंमत दुसऱ्या जिवांनी दिली. म्हणून मला वाटतं, जीव घ्यायचा हक्क असलाच, तर तो आपलं काम पुरतं झाल्यावर लागू होतो, आधी नाही. आणि विषाला उंबरा कळत नाही. घर कोणाचं, मांजर कोणाची, ते बघत नाही. बुजवलेलं बीळ मात्र कोणालाच मारत नाही.

आक्काची तीन पिल्लं होती. दोन गेली. तिसरं तिनं शेळीच्या दुधात कापूस बुडवून वाढवलं. दिवाळीला तेच पिल्लू घेऊन आमच्याकडं आली. म्हणाली, "तुझ्या घरात उंदीर लई. ऱ्हाऊ दे तुलाच." मी घेतलं. तेव्हा तरी सांगायला पाहिजे होतं. सांगितलं नाही. मग आक्काही गेली.

आता आमचं घर पक्कं आहे. पोरं म्हणतात, सिमेंटच्या घरात कुठलं बीळ? पण घर बदललं तरी फट असतेच. दाराखाली पेन्सिल सरकली तर उंदराचं पिल्लूही सरकतं. मोरीचं तोंड, नळ जिथून भिंतीत शिरतो ती जागा, खिडकीची फाटकी जाळी. दारावर रात्रभर दिवा ठेवला तर किडे येतात, किड्यांमागं बेडूक आणि बेडकांमागं साप. शहरात फवारणीवाला बोलवतात. बोलवावा, पण आधी दाराखालची फट बघावी.

मी अजून दरवर्षी घट बसायच्या आधी बॅटरी घेऊन भिंतीकडेनं फिरतो. नातवाला बरोबर घेतो. सून हसते, म्हणते मामंजी दिवसभर एका फटीपाशी बसतात. बसतो खरा. तो दिवस माझ्याकडून एकदा राहिला होता.