नजरेआडचे उड्डाण

माणसाच्या हातून सुटलेली वस्तू जिथवर जाते, तिथवर त्याची जबाबदारीही जाते काय? दगडाच्या बाबतीत हा प्रश्न फारसा अवघड नव्हता. दगड मारणारा आणि ज्याला तो लागला तो, दोघेही एकमेकांना दिसत असत. पुढे बंदूक आली, तोफ आली आणि हे अंतर वाढत गेले. पण ती सैन्याची साधने होती, घरातल्या मुलांच्या हाती ती पडत नव्हती. आज मात्र पाऊण किलो वजनाचे एक यंत्र कोणाही हौशी तरुणाच्या हातून सुटते आणि त्याच्या नजरेच्या पार पलीकडे जाऊन दुसऱ्याच्या अंगणावर घिरट्या घालू शकते. त्याला ड्रोन म्हणतात.

आमच्या वसई-विरार परिसरात हे यंत्र आता नवलाचे राहिलेले नाही. लग्नाच्या वरातीवर ते फिरते, अर्नाळा आणि कळंबच्या किनाऱ्यावर ते दिसते. वसईचा किल्ला पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात असून तेथे परवानगी लागते, हे ठाऊक नसलेले हौशी लोक तेथेही ते घेऊन जातात. आखातातून येणाऱ्या पाहुण्याने भाच्यासाठी ड्रोन आणावा, अशी फर्माईश होते. फेब्रुवारी २०२२पासून परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, ही गोष्ट फर्माईश करणाऱ्यालाही ठाऊक नसते आणि आणणाऱ्यालाही नसते.

मुलांमध्ये चर्चा असते ती एकाच गोष्टीची : कोणाचा किती लांब गेला. पापडीहून उडवला तो थेट समुद्रापर्यंत नेला, सोपाऱ्याहून उडवला तो खाडी ओलांडून आणला. ही बढाई कितपत खरी ते बाजूला ठेवू. पण तिच्यात नजरेआड उडवणे हाच पराक्रम मानलेला आहे. कायदा नेमका याच ठिकाणी हात धरतो.

कायद्याची कहाणी थोडक्यात सांगण्यासारखी आहे. मे २०१४मध्ये वरळीच्या एका उंच इमारतीवर ड्रोनने पिझ्झा पोहोचवण्यात आला आणि त्याची बातमी देशभर झाली. पोलिसांनी विचारणा केली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने खाजगी ड्रोनचे उड्डाणच थांबवले. १ डिसेंबर २०१८पासून लागू झालेल्या नियमांनी दार किलकिले केले, पण अटी घातल्या : दिवसाउजेडी, चारशे फुटांच्या खाली आणि उडवणाऱ्याच्या स्वतःच्या नजरेच्या टप्प्यात. ऑगस्ट २०२१च्या ड्रोन नियमांनी कागदपत्रांचा भार पुष्कळच हलका केला. अडीचशे ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला, तसेच दोन किलोपर्यंतचा ड्रोन धंद्यासाठी वापरायचा नसेल तर त्यालाही, वैमानिकाच्या दाखल्याची गरज राहिली नाही. नजरेपल्याडच्या उड्डाणाची वाट मात्र वेगळी ठेवली गेली. मे २०२१मध्ये देशातील २० संस्थांना अशा उड्डाणाचे प्रयोग करण्यासाठी सशर्त सूट देण्यात आली. छंदासाठी तशी सरसकट मुभा नाही.

यावर तरुणांचे म्हणणे असे की हा नियम जुन्या डोक्याचा आहे. ड्रोनला कॅमेरा आहे, त्याला दिसणारे सारे आमच्या हातातल्या पडद्यावर दिसते, मग आमच्या डोळ्याला ड्रोन दिसलाच पाहिजे हा हट्ट कशाला? वरवर पाहता यात तथ्य वाटते. वास्तविक पडद्यावर दिसते ते ड्रोनच्या समोरचे. त्याच्या मागून झेपावणारी घार, वरून येणारे हेलिकॉप्टर, बाजूची तार दिसत नाही. आमच्याकडे दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो. त्या वाऱ्याबरोबर पूर्वेकडे सहज गेलेल्या ड्रोनला परतताना त्याच वाऱ्याशी झगडावे लागते आणि जाताना पुरलेली बॅटरी येताना पुरत नाही. संपर्क तुटला तर यंत्र ठरलेल्या उंचीवर चढून आपोआप घरी येते, असे विक्रेता सांगतो. ते खरेही आहे. पण वाटेत त्या उंचीहून उंच टॉवर उभा असेल तर काय? विरारमध्ये असे टॉवर कमी नाहीत. खाली पश्चिम रेल्वेची २५ हजार व्होल्टची तार आहे आणि फलाटावर माणसांचा समुद्र आहे.

एवढे सांगितले की समजूतदार मुलगा मान्य करतो. पण त्यानंतर जो प्रश्न येतो तो खरा अवघड. वर्गात एका मुलाने आम्हाला विचारले, "सर, समजा ड्रोन पडला नाही. कोणाला इजा झाली नाही. कोणाला कळलेसुद्धा नाही. मग गुनाह कसला?"

हा प्रश्न नियमपुस्तिकेने सुटणारा नाही. नुकसान झाले नाही आणि कोणाला कळले नाही, तर चूक झाली असे म्हणता येईल काय, हा नीतिशास्त्रातला जुनाच प्रश्न मुलाने ड्रोनच्या निमित्ताने विचारला होता.

आपल्या परंपरेत त्यावर विचार झालेला आहे. सूरह नूरमध्ये दुसऱ्याच्या घरात इजाजत घेतल्याशिवाय आणि सलाम केल्याशिवाय प्रवेश करण्यास मनाई आहे. सूरह हुजुरातमध्ये दुसऱ्याची टेहळणी करण्यास मनाई आहे. एक माणूस प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या घरात दाराच्या भोकातून डोकावला, तेव्हा परवानगीचा नियम मुळात नजरेसाठीच केलेला आहे अशा अर्थाचे त्यांनी सुनावले, ही हदीस बुखारीत आहे. म्हणजे पाय उंबऱ्याबाहेर असले तरी नजर आत गेली की प्रवेश झालाच. हजरत उमर (र.) यांच्याविषयीही एक गोष्ट सांगितली जाते. रात्रीच्या गस्तीत ते एका घराची भिंत चढून आत गेले आणि आतल्या माणसाला दारू पिताना त्यांनी पकडले. तो म्हणाला, माझा गुनाह एक, तुमचे तीन. तुम्ही टेहळणी केली, दार सोडून भिंतीवरून आलात आणि इजाजत घेतली नाही. खलिफा निमूटपणे परत गेले.

याहून जवळचे उदाहरण कबुतरांचे आहे. बाराव्या शतकातील मरगीनानी यांच्या 'हिदाया' या हनफी ग्रंथात साक्षीच्या प्रकरणात पक्षी उडवण्याच्या नादी लागलेल्या माणसाची साक्ष स्वीकारू नये असे म्हटले आहे. कारणे दोन दिली आहेत. एक, या नादाने माणूस गाफील होतो. दुसरे, पक्षी उडवण्यासाठी तो गच्चीवर चढतो आणि शेजारच्या घरातल्या स्त्रियांवर त्याची नजर जाऊ शकते. आठशे वर्षांपूर्वीच्या या वाक्यात कबुतराच्या जागी ड्रोन घातला तरी फारसे काही बदलावे लागत नाही. कबुतरबाजाच्या मनात पाप होते असे मरगीनानी म्हणत नाहीत. तो आकाशाकडेच पाहत असेल. पण शेजारच्या अंगणाचा पर्दा त्याच्या हौसेच्या हवाली झाला, एवढीच गोष्ट त्यांना पुरेशी वाटली. मुलाच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे मिळते. बाई आपल्या अंगणात केस वाळवायला बसली ती तेथे कोणी पाहणार नाही या भरवशावर. तो भरवसा मोडला गेला. तिला ते कळले नाही म्हणून तो मोडला नाही असे होत नाही.

तरीही कबुतरबाज आणि ड्रोनवाला यांच्यात एक मोठा फरक आहे. कबुतरबाज गच्चीवर उभा असे आणि मोहल्ल्याला तो दिसत असे. "कोणाचा रे तू? खाली उतर!" असे शेजारची खाला त्याला ओरडून सांगू शकत असे. पाहणाराही दिसत होता, म्हणून त्याला शरम होती. ड्रोन नजरेच्या टप्प्यात असेल तर हे नाते थोडेफार टिकते. वर पाहणारा माणूस चार पावले चालून उडवणाऱ्याला गाठू शकतो. ड्रोन तीन किलोमीटरवर गेला की ते तुटते. खालच्या माणसाला वर घोंघावणारा एक ठिपका दिसतो. त्याच्यामागे कोण आहे, काय टिपतो आहे, कोणाकडे तक्रार करायची, काहीच कळत नाही. आणि उडवणाऱ्याची नजर तेथे पोहोचली तरी हात पोहोचत नाही. डिसेंबर २००९मध्ये आलेल्या 'थ्री इडियट्स' चित्रपटात मित्र ड्रोन दुरुस्त करून खोलीच्या खिडकीपर्यंत उडवतात आणि आत गळफास घेतलेला मुलगा दिसतो. तो प्रसंग पुष्कळांना आठवत असेल. कॅमेरा पोहोचला, पण खाली उभे असलेल्यांना तेथून काही करता येत नव्हते. ड्रोन एखाद्या लेकरावर कोसळला तर तीन किलोमीटरवरचा मुलगा ते पडद्यावर पाहील. धावून जाऊन उचलणार नाही. त्याचा पडदा काळा होईल आणि तो घरी जाईल.

मग नजरेपल्याडचे प्रत्येक उड्डाण वाईट म्हणायचे काय? आमच्याच पालघर जिल्ह्याने याचे उत्तर दिले आहे. डिसेंबर २०२१मध्ये जव्हारहून झाप या दुर्गम गावी ड्रोनने करोना लसीचे ३०० डोस पाठवण्यात आले. रस्त्याने चाळीस मिनिटांहून अधिक लागणारे काम नऊ मिनिटांच्या आसपास झाले. त्या उड्डाणाला कोणी अनैतिक म्हणणार नाही. का? तेथे पलीकडच्या टोकाला कोणीतरी वाट पाहत होते. काय येणार, कोण पाठवणार, हे तेथे ठाऊक होते आणि काही बिघडले असते तर जाब कोणाला विचारायचा हेही ठाऊक होते. गावठाणांच्या स्वामित्व योजनेच्या मोजणीतही तसेच. ड्रोन येण्याआधी ग्रामसभेत माहिती दिली जाते, मिळकतींच्या हद्दी चुन्याने आखल्या जातात आणि मग ड्रोन उडतो. वरून पाहिले जाते, पण खालच्या माणसांना सांगून.

म्हणून आमच्या मते प्रश्न अंतराचा नाही, इजाजतीचा आहे. जिथे आपण दिसत नाही तिथे आपली वस्तू पाठवायची असेल, तर तिथे तिला ओळखणारे आणि तिच्याबद्दल आपल्याला विचारू शकणारे कोणी हवे.

यावर कोणी म्हणेल, मिठागरावर, खाडीवर, समुद्रावर कोण असते? तेथे इजाजत कोणाची घ्यायची? कोणी नाही हे आपल्याला कसे कळले, असे आम्ही उलट विचारू. मिठागरात मजूर राबतो. किनाऱ्यावर बोंबील वाळत घालणारी कोळीण असते. खारफुटीत बगळ्यांची घरटी असतात. दुरून जे रिकामे दिसते ते बहुधा दुसऱ्याचे कामाचे ठिकाण असते. हौस पुरी करायचीच असेल तर मोकळे मैदान शोधावे, मालकाला विचारावे आणि एक मित्र पलीकडच्या टोकाला उभा करावा. ड्रोन त्याच्या नजरेत राहील आणि तेथल्या माणसांना तो उत्तर देईल.

हा विषय आमच्या समाजाला विशेष जवळचा आहे, तो आणखी एका कारणाने. वरून पाहिले जाणे म्हणजे काय, हे आपण जाणतो. २०२०च्या टाळेबंदीत मुंबईच्या वस्त्यांवर पोलिसांचे ड्रोन फिरले. जुलूस निघाला की कॅमेरे निघतात. सुरक्षेची गरज आपण नाकारत नाही. पण न विचारता डोक्यावर घोंघावणारा डोळा माणसाला किती लहान करतो, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. ऑक्टोबर २०१२मध्ये वजिरिस्तानात शेतात भेंडी तोडणारी एक आजी ड्रोनच्या हल्ल्यात मारली गेली. तिचा मुलगा प्राथमिक शिक्षक. पुढच्या वर्षी तो आपल्या दोन मुलांना घेऊन अमेरिकेच्या लोकप्रतिनिधींसमोर गेला. तेव्हा त्याच्या तेरा वर्षांच्या मुलाने सांगितले की त्याला आता निळे आकाश आवडत नाही, कारण आकाश ढगाळ असले की ड्रोन येत नाहीत. आमच्या मुलांच्या खेळण्याची त्या शस्त्राशी बरोबरी करणे अन्यायाचे होईल. पण दुरून पाहणाऱ्याला खालचा माणूस ठिपका वाटू लागतो, ही सवय मात्र खेळण्यातूनही लागू शकते. आपल्या अंगणावर ड्रोन आला तर आपण रागावतो. मग आपल्याच मुलाने दुसऱ्याच्या अंगणावर तो नेला तर 'किती लांब गेला' म्हणून पाठ थोपटता येणार नाही.

शिवाय व्यवहाराची एक गोष्ट. २६ नोव्हेंबर २००८नंतर मुंबई आणि आसपासच्या किनाऱ्यावर अनोळखी वस्तूकडे संशयानेच पाहिले जाते. मुंबई पोलीस वेळोवेळी ड्रोनबंदीचे हुकूम काढतात. नजरेआड गेलेला ड्रोन पकडला गेला आणि त्याचा धनी आमच्या मोहल्ल्यातला निघाला, तर त्याची हौस होती हे पटवून देताना घरच्यांची दमछाक होते. हे न्यायाचे नाही, पण आईबापांनी ते लक्षात ठेवावे.

याचा अर्थ मुलांच्या हातून यंत्र काढून घ्यावे असा मुळीच नाही. या यंत्राने उद्या झापसारख्या किती गावांना औषध पोहोचेल, आणि ते पोहोचवणारा कदाचित उर्दू शाळेतून शिकलेला मुलगा असेल. त्याने शिकावे, जोडावे, मोडावे, उडवावे. आम्ही वर्गात त्या मुलाला एवढेच सांगितले की ड्रोन वर नेण्याआधी दोन प्रश्न स्वतःला विचार. तो जिथे जाणार तिथल्या कोणाला तू येतोस हे ठाऊक आहे काय? आणि तिथे काही झाले तर तू किती मिनिटांत पोहोचशील? दोन्हींची उत्तरे देता आली तर खुशाल उडव. तो थोडा वेळ विचार करून म्हणाला, "मग सर, मैदानातच उडवावा लागेल." आम्ही म्हटले, तूर्त मैदान पुरे आहे.