वाढवता येणारी भिंत

काल रात्री पाऊस उघडला तशी पडवीतून वायर ओढून गाडी चार्जिंगला लावली. सहा वर्षांचा हा क्रम. आधी पंधरा अँपिअरचा सॉकेट कोरड्या फडक्याने पुसायचा, मग प्लग, मग गाडीचं झाकण उघडून गन. दिवा लुकलुकला की आई आतून विचारते, “लागली का रे?” गोठ्यात गाय बांधून झाली की बाबांना विचारायची, त्याच सुरात.

हल्ली एका विक्रेत्याचा फोन येतो. नवं मॉडेल आलंय, जुनी द्या, नवी घ्या. शेवटी आवाज खाली आणून तो सांगतो, “सर, वॉरंटी आहे तोवर काढून टाका. नंतर कोणी विचारणार नाही.”

माझी नेक्सॉन ईव्ही पहिल्या पिढीतली. जानेवारी 2020 मध्ये ती बाजारात आली तेव्हा बॅटरी 30.2 किलोवॅट-तासांची, म्हणजे वीजबिलाच्या भाषेत तीस युनिटांची, आणि चाचणीतला पल्ला 312 किलोमीटर होता. 2022 मध्ये 40.5 ची आली. 2024 मध्ये 45 ची आली, तिचा चाचणीतला पल्ला 489. पाच वर्षांच्या आत दीडपट! अशा वेगाने बदलणाऱ्या वस्तूच्या मागे धावायचं ठरवलं तर थांबायचं कुठे?

म्हणून मी माझा रस्ता मोजला. तानसाहून शहापूर, किन्हवलीवरून मुरबाडची शाळा आणि परत, दिवसाला शंभराच्या आसपास. एसी लावून, खड्डे-चढ धरून गाडी आज पावणेदोनशे चालते. संध्याकाळी अंगणात येते तेव्हा चाळीस टक्के शिल्लक असतात. रात्रीत सतरा-अठरा युनिटं पोटात गेली की सकाळी पुन्हा तयार.

लेकीकडे पुण्याला जायचं, तेव्हा मात्र माळशेज चढताना टक्के डोळ्यांदेखत उतरतात. नारायणगावला चार्जिंगसाठी पाऊण-एक तास थांबावंच लागतं. वर्षातून तीनदा. परतताना घाट उताराला लागला की पाय पेडलवरून काढून घ्यायचा. मग चाकंच मोटर फिरवतात, ती जनरेटर होते आणि वीज बॅटरीत परत येते. वैशाखऱ्याला पोचेतो दोन-तीन टक्के वाढलेले असतात. उतरणीने दिलेले ते टक्के बघताना आजही मला पहिल्या दिवसाइतकाच आनंद होतो.

नव्या गाडीच्या बाजूनेही एक गोष्ट खरी आहे. एका जुलैत दोन रात्री लाईट नव्हती, दोन दिवस एसटीने शाळेत गेलो. मोठी बॅटरी असती तर एका चार्जिंगमध्ये दोन दिवस तरी निभावलं असतं. पण वर्षातल्या अशा दोन-चार दिवसांसाठी आणि नारायणगावच्या तीन थांब्यांसाठी एवढं कर्ज डोक्यावर घ्यायचं का? माझं मन नाही म्हणतं.

या बदलाबदलीचा विचार करत आमच्या तानसा धरणाकडे बघताना एक वेगळीच खंत वाटते. 1892 चं हे दगडी धरण, जवळजवळ पावणेतीन किलोमीटर लांब. आमच्या तालुक्यात धरण उशाला आणि कोरड घशाला. उन्हाळ्यात पाड्यांवर टँकर येतात, तो सल आहेच. पण बांधणाऱ्यांची दृष्टी मोठी. सुरुवातीला उंची 118 फूट ठेवली, मात्र पाया आणि भिंतीची जाडी 135 फुटांच्या हिशेबाने घेतली. मुंबई वाढली तशी त्याच भिंतीवर भिंत चढली. पुढे मोडक सागर आलं, भातसा आलं, 2014 मध्ये मध्य वैतरणा आलं; तानसा आजही मुंबईला पाणी देतंय. रोज सकाळी रस्त्याकडेच्या त्या पाण्याच्या अजस्र पाइपांच्या सोबतीने मी जातो तेव्हा वाटतं, गाड्याही अशा का बांधत नाहीत? पत्रा शाबूत, मोटर ठणठणीत, सीट मऊ. बॅटरी तेवढी जुनी होते. त्याच गाडीत नवी, मोठी बॅटरी सहज बसवता आली असती, तर मी आजच पैसे मोजले असते. मला वाढवलेली गाडी हवी आहे, आणि बाजार मला बदललेली गाडी देतो आहे. घरातली भाताची पोती, आजारी शेजाऱ्याला रात्री ठाण्याला नेणं, सगळं या गाडीने केलं. ती चालत असताना मोडीत कशी काढायची?

बॅटरीच्या वॉरंटीचं म्हणाल, तर ती आठ वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटर, जे आधी होईल ते. माझ्या काट्यावर 1,42,000 झालेत. म्हणजे वर्षाच्या आत संपेल. फोनवरचा माणूस सांगतो त्यात व्यवहार आहे, नाकारत नाही. पण मला ज्याची धास्ती वाटते तेच ओझं न बोलता दुसऱ्याच्या गळ्यात घालायचं, हे जमणार नाही. बॅटरीची तपासणी करून घेणार आहे. कागदावर जी टक्केवारी येईल ती डायरीत लिहून ठेवीन, आणि कधी विकलीच तर घेणाऱ्याला तोच कागद आधी दाखवीन. एसी बंद ठेवूनही मुरबाडहून परतताना गाडी पंधरा टक्क्यांच्या खाली यायला लागली, की बदलेन. तोवर नाही.

आज सकाळी वायर गुंडाळताना आई पडवीत आली. दिवाळीत पुण्याला जायचंय. “नारायणगावला थांबू तेव्हा त्या बाकावर ऊन येतं रे,” ती म्हणाली, “चटई घेऊ बरोबर.” चटई डिकीत टाकली आणि निघालो.