अफूच्या पेट्या आणि राणीची इभ्रत

साम्राज्याच्या युद्धामागे पैसा हुडकणे ही डाव्यांची जुनी खोड. खरी लढाई मानापमानाची असते, असे एका व्यासंगी मित्राने अलीकडे व्याख्यानात ऐकवले. टाळ्याही मिळाल्या. हिशेबाच्या वह्या चाळण्यापेक्षा संस्कृतिसंघर्ष ऐकणे केव्हाही सुखाचे. दाखला त्यांनी दिला तो १८३९ ते १८४२ च्या पहिल्या अफूयुद्धाचा, म्हणून हा खटाटोप.

या मुद्द्याचा मूळ धनी लहान माणूस नव्हे. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स यांनी १८४१ मध्ये बॉस्टनला हेच मांडले होते. बंदरात फेकलेला चहा जितका अमेरिकी क्रांतीचे कारण, तितकीच अफू या युद्धाचे. खरे कारण म्हणजे परकीयांनी सम्राटापुढे कपाळ टेकावे हा चिनी आग्रह. ॲडम्स गुलामगिरीचे कडवे विरोधक. अफूवाल्यांचा भाडोत्री वकील म्हणून त्यांना झटकून टाकता येत नाही.

तरी वही उघडूच. मार्च १८३९ मध्ये चिनी सम्राटाचे आयुक्त लिन त्सेशू यांनी कँटनच्या परदेशी वखारी कोंडून तिथली बंदी असलेली अफू मागितली. ब्रिटिश अधीक्षक चार्ल्स एलियट यांनी व्यापाऱ्यांना सांगितले, माल सरकारच्या नावाने माझ्या हवाली करा, भरपाई सरकार देईल. वीस हजारांहून जास्त पेट्या जमल्या आणि जूनमध्ये लिननी त्या हूमेनला मीठ-चुना घालून नष्ट केल्या. एलियटच्या शब्दाने चोरटा माल राणीचा झाला होता. भरपाई स्वतःच्या तिजोरीतून द्यायची लंडनची तयारी नव्हती. मग १८४२ च्या नानकिंग तहाने चीनवर २ कोटी १० लाख डॉलर बसवले: ६० लाख अफूचे, ३० लाख व्यापाऱ्यांच्या थकबाकीचे, १ कोटी २० लाख युद्धखर्चाचे. म्हणजे काठीची किंमतही मार खाणाऱ्यानेच भरायची! हाँगकाँग आणि पाच खुली बंदरे वेगळीच. भांडण कपाळ टेकण्याचे होते, तर बिल इतके तपशीलवार कसे?

या वहीत आपलीही पाने आहेत. ईस्ट इंडिया कंपनीची मक्तेदारी बंगालच्या अफूवर. शिंदे-होळकरांच्या माळव्यातली अफू तिच्या मुठीत नव्हती. वाट अडवली तर माल सिंधमार्गे कराचीला आणि तिथून पोर्तुगीजांच्या दमणला जाई. अखेर १८३० च्या सुमारास कंपनीने हात टेकले आणि मुंबईतून जाणाऱ्या मालावर परवान्याचा कर लावला. ज्यांच्या नावाचे रुग्णालय आणि कलाशाळा मुंबईत उभी आहे, ते जमशेटजी जीजीभॉय याच व्यापारात जार्डिन मॅथेसन या ब्रिटिश पेढीचे मातबर सहकारी होते. तह झाला त्याच वर्षी ते ‘सर’ झाले. ज्या ‘कॉर्नवॉलिस’ युद्धनौकेवर तहावर सह्या झाल्या, तीही मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेली. केवळ लंडनच्या लोभाकडे बोट दाखवून मोकळे होणाऱ्या आपल्या देशप्रेमी इतिहासाला ही पाने अडचणीची वाटतात.

पण इथेच माझ्या पैसावादाचीही गाडी अडते. नफा मुंबईच्या शेठियांनाही हवा होता, माळव्याच्या सावकारांनाही. निव्वळ त्यांच्यासाठी आरमार हलले नसते. एप्रिल १८४० मध्ये तरुण ग्लॅडस्टन ब्रिटिश संसदेत या युद्धाला अन्याय्य म्हणत कडाडले आणि सरकार अवघ्या नऊ मतांनी तरले. सरकारच्या बचावाला उभे राहिलेले मेकॉले, म्हणजे आपल्या इंग्रजी शिक्षणाचे तेच मेकॉले, अफूच्या दरावर बोलले नाहीत. ते कँटनला फडकलेल्या झेंड्यावर बोलले. नफ्याने युद्धाची निकड निर्माण केली, पण त्याला परवानगी मिळवून दिली ती इभ्रतीने. इतपत ॲडम्सही बरोबर आणि माझे मित्रही. त्यांच्या नजरेतून निसटते ते एवढेच, की कपाळ लिनचेही होते. अपमान कोणाचा मोजायचा, हे ज्याच्याकडे तोफा त्याने ठरवले.

पुढचा अंक तर हेच सूत्र गिरवतो. नानकिंगच्या तहाने अफूला कायदेशीर केले नव्हते. ती चोरट्या वाटेनेच जात राहिली. १८५६ मध्ये ‘ॲरो’ जहाजावरचा ब्रिटिश झेंडा चिन्यांनी उतरवला, या आरोपावरून दुसरे युद्ध पेटले. त्यातूनच १८५८ मध्ये जकातीचे जे दरपत्रक ठरले, त्यात अफू दर पिकुल वजनाला ३० ताएल चांदी या दराने रीतसर येऊन बसली. तेव्हा मित्रवर्यांनी मानापमानाचे संशोधन अवश्य चालू ठेवावे. फक्त अपमानाची भरपाई झाल्यावर कोणत्या मालाची जकात बदलली, तेवढे दरवेळी तपासून घ्यावे.