दोन धन्यांची चाकरी?

पवित्र शास्त्रातील अनुवादाच्या विसाव्या अध्यायात, युद्धास निघालेल्या सैन्याविषयी एक विलक्षण तरतूद आहे. ज्याने घर बांधले पण त्याचे अर्पण केले नाही, द्राक्षमळा लावला पण त्याचे फळ चाखले नाही, ज्याचे वाग्दान झाले पण विवाह झाला नाही, अशास अंमलदारांनी घरी परत पाठवावे. शत्रू समोर उभा असतानाही मनुष्याचे अपुरे काम नियमशास्त्राने क्षुल्लक लेखले नाही.

आपल्या देशाच्या प्रादेशिक सेनेची अपेक्षा मात्र निराळी आहे. ९ ऑक्टोबर १९४९ रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते उद्घाटन झालेल्या या सेनेत अधिकारी होऊ इच्छिणाऱ्या नागरिकास चरितार्थाचा स्वतंत्र व्यवसाय असावाच लागतो. द्राक्षमळा सोडू नका आणि सैन्यातही या, असे हे बोलावणे! वर्षाकाठी साधारणतः दोन महिने प्रशिक्षण. प्रसंग पडल्यास त्याहून अधिक. मे २०२५ मध्ये पाचारणाचे अधिकार शासनाने लष्करप्रमुखांस दिले, तेव्हा तो प्रसंग किती निकट असू शकतो हे दिसले.

कोणी म्हणेल, ही दोन धन्यांची चाकरी झाली. मला तसे वाटत नाही. प्रभूचे ते वचन देव व धन यांविषयी आहे. करिंथात तंबू शिवणारा पौल प्रेषितच राहिला. खरा प्रश्न असा, की या सेवेची किंमत कोण मोजतो?

समजा, एक शिक्षक ऐन परीक्षेच्या तोंडावर प्रशिक्षणास गेला. लष्करी सेवेसाठी बोलाविलेल्यास पुन्हा कामावर घेण्याचे बंधन १९४८ च्या कायद्याने मालकावर घातले आहे. परंतु त्याचे तास घेणाऱ्या सहकारी बाईंच्या संध्याकाळांचे काय? शपथ त्याने घेतली, बाईंनी नव्हे. दुसऱ्याच्या वेळेतून आपला त्याग करणे सोपे असते. म्हणून तारखा कळताच त्याने बाईंशी बोलावे व परतल्यावर त्यांच्या वाट्याचे ओझे आपणहून उचलावे, एवढे ऋण तरी त्याच्यावर आहेच.

मात्र सारा भार या दोघांवरच टाकून आपल्या मिशन शाळांना व इस्पितळांना मोकळे होता येणार नाही. रविवारी आपण सैनिकांसाठी प्रार्थना करतो. सोमवारी त्यांच्यापैकीच एकाचा रजेचा अर्ज टेबलावर आला, की कपाळास आठी पडते. बदली शिक्षकाच्या दोन महिन्यांच्या वेतनाची तरतूद कार्यकारी मंडळाने अंदाजपत्रकात आधीच केली, तर बाईंना संध्याकाळी वेळेवर घरी जाता येईल.