भोजनाची मात्रा



आपल्यापैकी अनेकांच्या घरी गेल्या वर्षा-दोन वर्षांतच धम्मदीक्षा झालेली आहे. देव्हाऱ्यातल्या तसबिरी गेल्या, नवस गेले, सोमवार, गुरुवार, चतुर्थीचे उपवास गेले. लहान मुलांनाही आता त्रिसरण-पंचशील पाठ झाले आहे. अशा वेळी कुणी आपल्याला 'भाकरी कमी खा' असे सांगू लागला, तर मनात पहिला प्रश्न उठणार तो हा, की अहो, उपवासाच्या जाचातून आत्ताच तर सुटलो, पुन्हा तेच कशाला? दुसरा प्रश्न याहून कडवट आहे. ज्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या अर्धपोटी गेल्या त्यांना 'पोटभर खाऊ नका' असे सांगण्याचा अधिकार कुणाला पोचतो?

हे दोन्ही प्रश्न माझ्या घरात विचारले गेले. दुसरा तर माझ्या आईनेच विचारला, आणि मी शाळामास्तर असूनही मला तिला धड उत्तर देता आले नाही. म्हणून हा लेख.

तीन वर्षांपूर्वी आईची तपासणी केली. तीन महिन्यांची साखर नऊच्या वर, वजन उंचीच्या मानाने चौदा किलो जास्त. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि सांगितले, भात एक वाटी, भाकरी एक, रात्री त्याहून कमी. मी घरी येऊन मोठ्या उत्साहाने वाटी काढून ठेवली. आई त्या वाटीकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "मोजून भाकर तर माझ्या आईला पाटलाच्या वाड्यावर मिळायची. तू बी मोजायला लागलास व्हय रं?"

वाचकहो, या वाक्यापुढे मी काय बोलणार? आमचे गाव इंदापूर तालुक्यातले. आजी येसकरकीच्या पाळीची भाकर मागून आणीत असे. टोपल्यात काय पडेल ते वाढणाऱ्याच्या मर्जीवर. १९७२ च्या दुष्काळात आजी खडी फोडायला जाई आणि कामावर मिळालेली सुकडी पदरात बांधून आणी. आई तेव्हा सात वर्षांची होती. परदेशातून आलेल्या तांबड्या मिलोची भाकर कशी लागते हे ती आजही तोंड वाकडे करून सांगते. अशा बाईने पुढे घर बांधले, मुलगा पदवीधर केला, आणि भाताचे पातेले कधी रिकामे राहू द्यायचे नाही असा पण केला. ते भरलेले पातेले हीच तिची सनद. तिच्यापुढे मी वाटी ठेवली होती.

याच बाबतीत मीही एकदा चुकलो होतो, ते सांगतो. पुण्यात शिकायला आलो तेव्हा सदाशिव पेठेत खोली शोधीत हिंडलो. दोन ठिकाणी आडनाव सांगितल्यावर खोली 'कालच गेली' होती. तिसऱ्या ठिकाणी, नागनाथ पाराजवळच्या एका जुन्या वाड्यात, चौघांत मिळून खोली मिळाली. जेवण खानावळीत. स्पर्धा परीक्षेची मुले आणि आम्ही कॉलेजचे, सगळे एका बाकावर. तिथल्या काकू आमटीची वाटी काठोकाठ भरीत नसत, आणि भात पळीने मोजून घालीत. मला वाटे, आमच्यासारख्यांनाच अशी मोजून वाढतात. मी महिनाभर मनातल्या मनात जळत होतो. एके दिवशी शेजारच्या ताटात नीट पाहिले. तो मुलगा त्यांच्याच नात्यातला होता आणि त्याच्या ताटातही तीच पळी होती. मी शरमलो. परंतु पुढच्या वर्षी 'पोटभर थाळी' मिळणारी दुसरी खानावळ सापडताच तिकडे गेलो. पैसे ठरलेले, मग पोळ्या का सोडायच्या? भूक संपल्यावरही दोन पोळ्या मी केवळ वसुलीसाठी खात असे. त्या वर्षात माझे वजन नऊ किलोंनी वाढले. पदवीही त्याच वर्षी मिळाली, त्यामुळे वजनाकडे कुणी पाहिले नाही. गावात तर 'पोरगा सुधारला' असेच म्हणाले!

आता धम्माकडे वळू. पालि वाङ्मयात 'भोजने मत्तञ्ञुता' असा शब्द आहे. भोजनात मात्रा जाणणे, एवढाच त्याचा अर्थ. हा गुण भिक्खूंसाठी सांगितला आहे खरा, पण तो गृहस्थांनाही कसा लागू पडतो याची एक गंमतीची हकीकत संयुत्तनिकायात, कोसलसंयुत्तात, आली आहे. कोसलचा राजा पसेनदी भरपूर भात खाऊन, धापा टाकीत तथागतांच्या भेटीला आला. तथागतांनी त्याला नरकाचे भय घातले नाही की प्रायश्चित्त सांगितले नाही. जो मापाने जेवतो त्याची पीडा हलकी होते आणि तो सावकाश म्हातारा होतो, अशा आशयाची एक गाथा फक्त म्हटली. सुदस्सन नावाचा मुलगा जवळ उभा होता. राजाने त्याला ती गाथा पाठ करून आपल्या जेवणाच्या वेळी म्हणायला सांगितले आणि त्यासाठी त्याला रोज शंभर कहापण बांधून दिले. म्हणजे राजाला स्वतःचा भरवसा नव्हता. आठवण करून देणारा माणूस त्याने पगारावर ठेवला! राजा द्रोणभर भात खात असे, तो हळूहळू नाळीभर भातावर आला, अंगाने हलका झाला.

अट्ठकथेत याची रीतही सांगितली आहे. जेवणातला शेवटचा घास राहिला की मुलाने गाथा म्हणायची. राजाने तो घास बाजूला ठेवायचा. त्या घासात किती शिते आहेत ती मोजायची आणि पुढच्या वेळी तितके तांदूळ कमी शिजवायचे. एकदम अर्धे ताट नव्हे, एकेक घास. आजचा आहारतज्ज्ञ याहून वेगळे काय सांगतो?

ही हकीकत मी आईला सांगितली. ती म्हणाली, "तो राजा हुता बाबा. राजाला कमी खायला काय जातंय?"

तिचे म्हणणे खोटे नव्हते. राजाची गोष्ट राजाला. मग भुकेल्याची गोष्ट कोणती? तीही आहे, धम्मपदाच्या अट्ठकथेत. तथागत आळवी नगरीत आले. तिथल्या एका गरीब शेतकऱ्याला उपदेश ऐकायचा होता, पण त्याच दिवशी त्याचा बैल सुटला. बैल शोधीत तो रानोमाळ हिंडला आणि उपाशीच, उशिरा, धावत पळत आला. जमलेले लोक वाट पाहत बसले होते. तथागतांनी त्या माणसाला पाहिले आणि आधी त्याला जेवू घालायला सांगितले. तो पोटभर जेवला, त्याचा जीव थाऱ्यावर आला, तेव्हा धम्म सांगितला. भिक्खूंनी कुजबुज केली, तेव्हा भुकेच्या पीडेइतकी मोठी पीडा नाही आणि भुकेल्याला धम्म समजणार नाही, अशा अर्थाचे उत्तर त्यांना मिळाले.

या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहा. एकाच शास्त्याने एकाला 'जेव' म्हटले आणि दुसऱ्याला 'थांब' म्हटले. अन्न पवित्र म्हणून नव्हे की अपवित्र म्हणून नव्हे. समोरच्याचे दुःख कशात आहे ते पाहून. उपवासाशी याची तुलना करू नका. उपवास देवाला खूष करण्यासाठी होता, आणि त्यात 'एकादशी, दुप्पट खाशी' ही म्हणही आपल्याच लोकांनी केली. साबुदाण्याच्या खिचडीने कुणाचे वजन उतरल्याचे मी पाहिलेले नाही. इथे देव नाही, पुण्य नाही, फक्त कारण आणि कार्य आहे. स्वतः सिद्धार्थ गौतमानेही उपाशी राहून पाहिले होते. हाडांचा सापळा झाला, ज्ञान झाले नाही, तेव्हा त्याने सुजाताची खीर घेतली.

आणि आपल्यापुरते कारण काय, ते पुण्यातच शोधले गेले आहे. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास करीत आले. त्या नवजात बाळांचे वजन सरासरी २.७ किलोच्या आसपास, तर इंग्लंडमधल्या बाळांचे सुमारे साडेतीन किलो. आपली बाळे सर्व बाबतींत बारीक, पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून राहिलेली. म्हणजे मांस कमी, चरबी जास्त. २००४ साली डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन या दोघांचे छायाचित्र 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन एकाच मापाचे, परंतु एकाच्या अंगात चरबी शेकडा ९.१ आणि आपल्या पुण्याच्या डॉक्टरांच्या अंगात २१.२! म्हणूनच आपल्या लोकांसाठी जाडीची मापे कडक धरतात. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत, बाईची ८० च्या आत.

२०१५ साली प्रसिद्ध झालेल्या आणखी एका संशोधनात उंदरांना पन्नास पिढ्या अपुऱ्या अन्नावर वाढवले होते. पुढे दोन पिढ्या त्यांना पुरेसे अन्न दिले, तरी मधुमेहाकडचा त्यांचा कल गेला नाही. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे मला ठाऊक आहे. परंतु पन्नास पिढ्या हा आकडा वाचून मी पुस्तक मिटले आणि बराच वेळ तसाच बसलो. आजीच्या टोपल्यातली भूक आईच्या रक्तातल्या साखरेत उतरली असेल काय? अन्यायाने दिलेली भूक गेली, आणि जाताना आपल्याला भरल्या ताटाचे भय ठेवून गेली, असे तर झाले नाही? हा शाप नव्हे की पूर्वजन्मीचे कर्म नव्हे. कारण कळले की उपाय करता येतो.

आता अधिकाराच्या प्रश्नाकडे येतो. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या लोकांना मेलेल्या जनावरांचे मांस आणि शिळ्यापाक्या तुकड्यांवरचे जिणे सोडायला सांगितले. चवदार तळ्याच्या पाण्याची आठवण आपण ठेवतो, ही दुसरी गोष्ट विसरतो. पोटात भूक असताना समोरचे अन्न नाकारायला त्यांनी शिकवले. ज्याला उद्याची खात्री नाही त्याला 'पुरे' म्हणता येत नाही. तो मिळेल तेव्हा खाऊन घेतो. 'पुरे' हा शब्द आमच्या आजीच्या वाट्याला आला नाही. माझ्या मते तो शब्द उच्चारता येणे ही आपली कमाई आहे, आणि पाटलाने मोजणे व आपण मोजणे यांत हाच फरक आहे. बाबासाहेबांना स्वतःला मधुमेहाने किती छळले, आणि डॉक्टर असलेल्या माईसाहेब त्यांच्या पथ्यपाण्यासाठी कशा झटत, हेही आपण वाचलेले आहे.

परंतु सगळ्यांनाच कमी खायला सांगत सुटू नका. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची शेकडा ३५ मुले वाढ खुंटलेली आढळली. बायांपैकी शेकडा २१ च्या आसपास वजनाने कमी आणि शेकडा २३ जादा. एकाच वस्तीत, कधी एकाच घरात, दोन्ही असतात. वाढत्या मुलाचे, गरोदर सुनेचे ताट मोजू नका. आणि साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण एकदम कमी करू नका. साखर अचानक उतरून माणूस पडतो.

मला उशिरा कळलेली गोष्ट अशी, की मोजमाप ताटात करायचे नसते, पातेल्यात करायचे असते. आमच्या घरात आई शेवटी जेवते. आपल्याही घरी तसेच असणार. सगळ्यांची जेवणे झाली की पातेल्यात उरलेला भात, मुलाने टाकलेली अर्धी भाकरी, तळाची आमटी हे सारे तिच्या पोटात जाते, कारण अन्न टाकायचे नाही. उपासमार पाहिलेल्या बाईच्या हाताने अन्न टाकवत नाही, आणि ते बरोबरच आहे. पण मग वाटीने मोजून वाढलेल्या भाताला अर्थ काय राहिला? घरातल्या बाईचे पोट म्हणजे उरल्यासुरल्याची परात, हे आपण सगळे पुरुष पाहत आलो आणि तिच्या वजनाबद्दल तिलाच बोलत आलो. पसेनदीच्या स्वयंपाकघरात शिते मोजून तांदूळच कमी शिजवीत, ते मला इथे उमगले.

मी वाटी उचलून ठेवली. त्याऐवजी एक महिनाभर जेवणानंतर उरलेला भात आईसमोर ठेवून तिलाच विचारू लागलो, उद्या किती तांदूळ कमी घ्यायचे? पहिल्या दिवशी ती रागावली. चौथ्या दिवशी तिने स्वतःच एक मूठ तांदूळ परत डब्यात टाकले. आठवड्याला एक मूठ, असे पाच आठवडे. भात कमी झाला तशी मेथी-चवळीची भाजी आणि डाळ वाढली. सगळे एकत्र जेवायला बसायचे असाही नियम केला. तो पाळायला मला आणि माझ्या भावालाच जास्त जड गेला.

गेल्या उन्हाळ्यात तिची तीन महिन्यांची साखर ७.६ आली. गोळ्या चालूच आहेत. वजन सहा किलो उतरले, त्यातले दीड किलो वर्षावासाच्या भोजनदानांत परत आले. पाहुणा आला की ती अजूनही त्याला तिसरी भाकरी वाढते, नको म्हटले तरी वाढते. त्याबाबत मी तिला काही बोलत नाही.