काचेआडचा एकांत

मुंबईहून नागपूरला किंवा गोव्याला जायचे ठरले की विमान की गाडी, हा वाद मध्यमवर्गीय घरांत हमखास होतो. पूर्वी तो पैशांवर आणि वेळेवर मिटायचा. अलीकडे त्यात माणसांचे कारण शिरले आहे. विमानात शेजारी कोण येईल सांगता येत नाही. कोणी पिऊन आलेला असतो, कोणी आवाज मोठा करून मोबाइल बघत बसतो, कोणी हवाईसुंदरीवर डाफरतो. त्यापेक्षा आपली गाडी बरी, हवे तेव्हा निघावे, वाटेत चहाला थांबावे, कोणाची कटकट नाही. हे बोलणे इतके साधे वाटते की त्यात तपासण्यासारखे काही असेल अशी शंकाही येत नाही. मला ती येते. परक्या माणसाच्या उपद्रवापासून दूर जाण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. पण आपण दूर गेल्यावर उपद्रव संपतो, की नुसता नजरेआड होऊन दुसऱ्या कोणाच्या वाट्याला जातो, हा प्रश्न मात्र धर्माचा आहे. माझे म्हणणे असे की गाडी निवडताना आपण बहुतेक वेळा उपद्रव सोसणाऱ्याच्या जागेवरून उठतो आणि उपद्रव देऊ शकणाऱ्याच्या जागेवर जाऊन बसतो.

आधी विमानातला उपद्रव पाहू. त्याचा रोजचा नमुना किरकोळ असतो. चाके धावपट्टीला टेकतात, विमान अजून धावत असते, आणि पट्ट्यांची बक्कले खटाखट सुटू लागतात. बसून राहण्याची विनंती दोन भाषांत चालू असताना मधल्या वाटेत माणसे खेटून उभी, एकाची बॅग दुसऱ्याच्या कपाळाशी, आणि दार उघडायला अजून दहा मिनिटे. याच्या वरच्या पायरीवर शिवीगाळ, त्याच्या वर हाणामारी. मार्च २०१७ मध्ये उस्मानाबादचे तेव्हाचे खासदार रवींद्र गायकवाड यांनी पुण्याहून दिल्लीला पोचल्यावर एअर इंडियाच्या अधिकाऱ्याला चपलेने मारले आणि कॅमेऱ्यासमोर तसे सांगितलेही. तिकीट बिझनेस क्लासचे आणि विमानात सगळ्याच खुर्च्या इकॉनॉमीच्या, हे त्यांचे गाऱ्हाणे होते. गाऱ्हाणे खोटे नव्हते, चप्पल चुकीची होती. विमान कंपन्यांनी त्यांना बंदी घातली, परतीला रेल्वे धरावी लागली, आणि त्यांनी मंत्र्यांकडे लेखी खेद व्यक्त केल्यावर एप्रिलमध्ये बंदी उठली. त्याच वर्षी सप्टेंबरात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, उपद्रवी प्रवाशांसाठी सुधारित नियम काढले. शाब्दिक गैरवर्तनाला ३ महिन्यांपर्यंत बंदी, अंगावर हात टाकल्यास ६ महिन्यांपर्यंत, जिवाला धोका होईल असे वागल्यास किमान २ वर्षे. आणि हा निवाडा निवृत्त जिल्हा व सत्र न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने करायचा. अमेरिकेतही नोंदी चोख असतात. २०२१ मध्ये तिथल्या विमान प्रशासनाकडे अशा सुमारे ६,००० तक्रारी आल्या आणि त्यांतल्या ७० टक्क्यांहून जास्त मास्क घालण्यावरून होत्या. हवेत माणूस कसा वागला याचा असा हिशेब राहतो. म्हणूनच त्याच्या बातम्या होतात, चित्रफिती फिरतात, आणि विमानात माणसे बिघडली आहेत असे आपल्याला वाटू लागते.

रस्त्यावर उतरल्यावर तोच माणूस काय करतो? डावीकडून कट मारतो, पुढच्याच्या पाठीला चिकटून अपर-डिपर मारत राहतो, घाटात ट्रक ओलांडायला आंधळ्या वळणावर बाहेर येतो. यातली एकही गोष्ट विमानातल्या शिवीपेक्षा सौम्य नाही. डीजीसीएच्या पायऱ्या इथे लावल्या तर यातली प्रत्येक गोष्ट थेट तिसऱ्या पायरीवर बसेल. पण इथे समिती नाही. मोटार वाहन कायद्यात परवाना निलंबित करण्याची तरतूद आहे, तरी बहुतेक वेळा प्रकरण ई-चलनाच्या मेसेजवर थांबते आणि तो मेसेजही लोकअदालतीत निम्म्यावर मिटेल या आशेने तसाच पडून राहतो. केंद्र सरकारच्याच आकडेवारीप्रमाणे २०२२ मध्ये देशातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे गेली. त्यांत ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरची आणि १९ टक्क्यांहून अधिक पायी चालणारी होती. म्हणजे मरणाऱ्यांत मोठा भाग अशांचा, ज्यांच्याभोवती ना पत्रा होता ना काच. विमाने पडतच नाहीत असे कोणी म्हणणार नाही. १२ जून २०२५ ला अहमदाबादेत जे झाले ते सगळ्यांना आठवते. विमानातल्या २४२ पैकी २४१ जण गेले, जमिनीवरचे वेगळे. पण रस्त्यावर तेवढी माणसे त्याच दिवशी गेली असतील, आदल्या दिवशीही आणि दुसऱ्या दिवशीही. २००१ च्या सप्टेंबरातल्या हल्ल्यांनंतर अमेरिकेत अनेकांनी विमान टाळून गाडी काढली. मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगेरेन्झर यांनी हिशेब मांडला की त्यापायी पुढच्या वर्षभरात सुमारे १,५०० जादा माणसे रस्त्यांवर मेली. भीती खरी होती, पण सुटका म्हणून निवडलेली वाट जास्त मारणारी निघाली. आपला राग आणि आपली भीती नुकसानाच्या मापाने चालत नाहीत, समोर दिसणाऱ्याच्या मागे जातात. विमानातल्या दारुड्याला चेहरा असतो. रस्त्यावरच्या उपद्रव्याला नंबर प्लेट असते, आणि एमएच १२ पाहून पुण्याला नावे ठेवली की आपले समाधान होते.

यावर सर्वांत भारी आक्षेप शास्त्रातूनच येतो. गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना एकांत स्थळाची आवड आणि माणसांच्या गर्दीत मन न रमणे ही दोन्ही मोजली आहेत. मग गर्दी टाळून गाडीत बसणाऱ्याला दोष का द्यायचा? तो तर साधकाच्याच वाटेवर आहे. आक्षेप वरवरचा नाही. आपल्या परंपरेत गर्दीपासून दूर जाण्याला नेहमीच मान आहे. पण ती यादी पहिल्यापासून वाचावी लागते. तिची सुरुवात मानाची हाव नसणे, दंभ नसणे, अहिंसा, क्षमा, सरळपणा अशी होते आणि एकांत बराच नंतर येतो. ज्ञानेश्वरीत या अहिंसेवर जो विस्तार आहे, त्यात ती मोठमोठ्या तत्त्वांवर न थांबता माणूस पाऊल कसे टाकतो, पाहतो कसा, बोलतो कसा, हात कसा उचलतो, इथवर येते. भुंगा कमळावर उतरताना केसर चुरगळेल म्हणून जपून पाय ठेवतो, तसे ज्ञानी माणसाचे चालणे, असा तिथला भाव आहे. तेराव्या शतकातल्या ग्रंथात अहिंसेची परीक्षा पावलावर घेतली जाते, याचा प्रवासाच्या चर्चेत आपण फारसा उपयोग केलेला नाही. गाडीवाल्याचे पाऊल म्हणजे त्याचे चाक. एकांतातल्या साधकाच्या पायाखाली कोणी येणार नसते, म्हणून त्याचा एकांत निर्मळ. एक्स्प्रेस-वेवरच्या गाडीतला एकांत हा गर्दीच्या ऐन मधोमध, ताशी १०० किलोमीटर वेगाने, काच वर करून घेतलेला असतो. आपल्याला कोणी ऐकू येत नाही एवढ्यावरून आपण कोणाच्या मध्ये नाही असे ठरत नाही.

मग विमानात मुकाट्याने सोसावे, असे म्हणायचे आहे का? इथे अध्यात्माची भाषा फार लवकर अन्यायाच्या बाजूला जाते, म्हणून जरा थांबायला हवे. तितिक्षा म्हणजे दुःख प्रतिकाराविना, कुढत न बसता सोसणे, अशी व्याख्या शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या विवेकचूडामणीत आहे. पण ते व्रत ज्याचे त्याने घ्यायचे असते. २६ नोव्हेंबर २०२२ ला न्यूयॉर्कहून दिल्लीला येणाऱ्या एअर इंडियाच्या विमानात एका वृद्ध महिलेच्या अंगावर सहप्रवाशाने लघवी केल्याची तक्रार झाली. तिच्या इच्छेविरुद्ध त्या माणसाला माफी मागायला समोर आणले, असे तिने तक्रारीत म्हटले होते. जानेवारी २०२३ मध्ये डीजीसीएने कंपनीला ३० लाख रुपये दंड केला आणि वैमानिकाचा परवाना ३ महिने निलंबित केला. अशा प्रसंगातून गेलेल्या बाईकडून क्षमा काढून घेणे ही क्षमेची चेष्टा आहे. आठव्या शतकातले बौद्ध आचार्य शांतिदेव क्षांतीचा उपदेश करताना सांगतात की मारणाऱ्याला द्वेष चालवतो, म्हणून राग धरायचाच तर द्वेषावर धरावा. तो उपदेश मार खाणाऱ्याने स्वतःला करायचा आहे. कंपनीने, वैमानिकाने किंवा पलीकडच्या रांगेतून मजा बघणाऱ्याने तो पीडिताला ऐकवायचा नाही. तेव्हा नियम हवेत, बंदी हवी, आणि माझ्या मते ती आज लागते त्यापेक्षा लवकर लागावी. माझा सोसण्याचा आग्रह आहे तो खुर्ची मागे रेलणाऱ्यापुरता, रडणाऱ्या बाळापुरता, वाटेत उभ्या राहणाऱ्या घाईखोरापुरता. आणि खरे पाहता लोक विमानाला कंटाळतात ते बहुतेक यांनाच.

दुसरा एक आक्षेप मला जास्त पटतो. प्रवासी मुळात वाईट नसतात, विमान कंपन्या त्यांना तसे करतात, असा तो आहे. तासन् तास उशीर, गुडघ्याला टेकणारी पुढची खुर्ची, प्रत्येक गोष्टीचे वेगळे पैसे. कॅथरिन डीसेलिस आणि मायकल नॉर्टन या संशोधकांनी २०१६ मध्ये असा निष्कर्ष मांडला की ज्या विमानात पहिला वर्ग असतो तिथे मागच्या वर्गात भांडणे कितीतरी जास्त होतात, आणि मागच्यांना पुढच्या वर्गातून चालत न्यावे लागले तर आणखी वाढतात. त्यांच्या पद्धतीवर संख्याशास्त्रज्ञांनी आक्षेप घेतले आहेत, म्हणून त्यांचा आकडा मी वापरत नाही. पण अपमानाची शिडी चढवून मग शांत बसा म्हणणे चालत नाही, एवढे कळायला आकडा लागत नाही. यावर आपल्याकडे एक जुनी व्यवस्था आहे. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी संध्याकाळी तळावर पोचली की समाज आरतीला दिंड्या गोलाकार उभ्या राहतात. टाळ-मृदंगाचा गजर चालू असतो. चोपदार हातातला दंड वर करतो आणि काही क्षणांत सगळे चिडीचूप होते. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिचे टाळ मात्र वाजतच राहतात. चोपदार तिकडे जातो, ऐकून घेतो, निवाडा होतो, मग ते टाळही थांबतात. लाखोंच्या गर्दीत गोंगाटालाच एक मान्य वेळ आणि जागा दिलेली आहे. विमानात तक्रारीला तशी जागा नाही. असते ती ईमेलच्या पत्त्यावर, आणि तिथून आलेले उत्तर यंत्राने लिहिलेले असते. गायकवाडांच्या गाऱ्हाण्याला पुण्यात विमान सुटण्याआधीच कोणी ऐकून घेतले असते तर दिल्लीचा प्रसंग टळला असता की नाही, सांगता येणार नाही. पण ही उणीव भरून काढायची तर विमानात काढावी लागेल. ती गाडीत जाऊन भरत नाही, कारण रस्त्यावर चोपदार तर नाहीच, वर प्रत्येकाच्या हातात आपापला हॉर्न आहे.

पुष्कळांना निवडच नसते, हेही खरे. गावाजवळ विमानतळ नाही, घरात सहा माणसे आहेत, म्हाताऱ्यांना रांगेत उभे राहवत नाही, तिकिटे परवडत नाहीत. त्यांच्याशी माझा वाद नाही. वाद आहे तो ज्याला दोन्ही परवडते आणि जो मनःशांतीसाठी गाडी निवडतो त्याच्याशी. प्लेटोच्या ‘गॉर्जियास’मध्ये सॉक्रेटिस म्हणतो की अन्याय करण्यापेक्षा तो सोसणे बरे, आणि समोरचे लोक त्याला हसतात. आपला गाडीवाला हसणार नाही, तो म्हणेल, मी कुठे अन्याय करतो, मी तर सावकाश चालवतो. चालवत असेलही. पण सावकाश चालवणे म्हणजे काय, ते त्याने नीट पाहावे. उजव्या लेनमध्ये ठाण मांडलेल्या ट्रकवर न चिडणे, उलट दिशेने येणाऱ्या दुचाकीला वाट देणे, मागून डिपर मारणाऱ्याला मुकाट पुढे जाऊ देणे, रस्ता ओलांडू पाहणाऱ्या म्हातारीसाठी ब्रेक लावणे. हे सगळे परक्यांचे उपद्रव सोसणेच आहे, आणि विमानात खुर्चीवर बसून सोसायचे असते त्यापेक्षा अवघड, कारण इथे क्षणभर चित्त ढळले तर त्याची किंमत दुसरा मोजतो. जो असे चालवतो त्याला गाडीत एकांत मिळत नाही. मिळावा असेही त्याला वाटत नसावे. मुंबई ते नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. तो असा पार करणाऱ्याने गाडी जरूर काढावी. दीड तासाच्या शेजाऱ्याचा कंटाळा आला म्हणून जो काढतो आहे, त्याला मात्र आठ तास हजारो शेजारी मिळणार आहेत, आणि त्यांच्यातल्या एकालाही ‘जरा आवाज कमी करता का’ म्हणून विचारायची सोय नाही.