बॉल हातात आला, पण ताबा कुणाचा?

भिवंडीच्या आसपासच्या गावांत भातकापणी झाली की शेतांत क्रिकेटची पिचं तयार होतात. टेनिस बॉल, माइकवर कॉमेंट्री आणि हमखास एक भांडण: कॅच धरला की सुटला? तिथं रिप्ले बघायला थर्ड अंपायर नसतो. मला मात्र त्या भांडणामागचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. एखादी गोष्ट नुसती हातात येणं आणि ती आपल्या ताब्यात असणं, यात फरक काय?

क्रिकेटच्या ३३व्या नियमानुसार, बॉलचा फिल्डरला पहिला स्पर्श होतो तिथं कॅच सुरू होतो. तो पूर्ण कधी होतो? फिल्डरचा बॉलवर आणि स्वतःच्या हालचालीवरही पूर्ण ताबा येतो तेव्हा. १३ जून १९९९ला लीड्समध्ये वर्ल्ड कपच्या सामन्यात हर्शेल गिब्जच्या हातात स्टीव्ह वॉचा कॅच आला होता. आनंदानं बॉल वर उडवायला गेला आणि तो हातातून निसटला. ५६वर असलेला वॉ वाचला, १२० नाबाद करून सामना जिंकून गेला.

बेसबॉलचा नियम हीच गोष्ट आणखी उघड सांगतो. फिल्डरनं बॉल सोडला, तर तो स्वतःच्या इच्छेनं, जाणूनबुजून सोडलेला हवा. रनरला बॉल लावून बाद करतानाही धडकेत बॉल निसटला, तर रनर वाचतो. म्हणजे ताबा कळतो तो सोडताना. जे आपल्याला हवं तेव्हा सोडता येतं, तेच खरं आपण धरलेलं असतं.

पण कॅच जमिनीलगत असेल तर? बॉल टेकला की नाही, हे कित्येकदा सगळ्यात आधी फिल्डरलाच कळतं. २००८च्या सिडनी टेस्टमध्ये फिल्डरचा शब्द मानायचा, असं दोन्ही कॅप्टननी आधीच ठरवलं होतं. मायकल क्लार्कनं सौरव गांगुलीचा कॅच घेतला, अंपायर मार्क बेन्सननी विचारलं, रिकी पाँटिंगनं बोट वर केलं आणि गांगुली आउट. त्यावरून केवढा गदारोळ झाला! ज्याचा फायदा, त्याचीच साक्ष कशी चालेल, हा आक्षेप रास्तच आहे.

तरी शेतातल्या मॅचमध्ये दुसरा पुरावा नसतो. दहा जण "आउट, आउट" ओरडत असतात. त्या आवाजाबरोबर फिल्डरचाही हात आपोआप वर जात असेल, तर त्याचा स्वतःच्या हालचालीवर ताबा कुठं राहिला? बॉल मुठीत असेल, पण त्याला टीमच हलवत असते. उलट "नाही, टेकला होता" म्हणायची ज्याची तयारी आहे, त्याच्याच "हो, धरला" या शब्दाला किंमत येते.

म्हणून ३३वा नियम मला फक्त हातांपुरता वाटत नाही. अंपायर हात बघू शकतो. जीभ कुणाच्या ताब्यात आहे, ते फिल्डरनंच बघायचं असतं.